सान्तोलमागची चूल

मंगळवार, २६ ऑक्टोबर १९९९. सकाळी ढगाळ, दुपारी कडक ऊन. नळाला पाणी उशिरा आलं, तेही बारीक. नखावरची शाई कालामान्सीचं लिंबू चोळूनही गेलेली नाही. तेर्योची माणसं हमरस्त्यावरच्या पताका उतरवत होती. चर्चच्या घंटेची दोरी बदलली. दुपारी इसिंग मागच्या दाराने आली, पायरीवर बसली, कॉफी नको म्हणाली, गेली.

वहीत एवढंच लिहिलं. शाळेत सिस्टरांनी तशीच सवय लावली होती. जे घडलं ते लिहावं, आणि थोडक्यात लिहावं. पण इसिंग कशासाठी आली होती ते एका ओळीत मावत नाही, म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहिते आहे.

इसिंग म्हणजे नार्सिसा विल्यारोमान. माझ्या परसाची भिंत आणि त्यांच्या परसाची भिंत एकच. वय अठ्ठावन्न. बुटकी, पायात रबरी चपला, खांद्यावर ओला-सुका कसला तरी टॉवेल. हसताना तोंडावर हात धरते, कारण पुढचा एक दात नाही. नोव्हालिचेसमध्ये जन्मली आणि नोव्हालिचेस सोडून कुठे राहिली नाही. आम्ही सगळे नोव्हाच म्हणतो.

त्यांच्या आवारात पुढे तेर्योचं दुमजली घर आहे आणि बाजूला आम्बोच्या दोन खोल्या. तेर्यो आणि आम्बो हे तिचे धाकटे भाऊ. दोन्ही घरांच्या मधे पत्र्याखाली एकच स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघरात इसिंग. आवाराच्या टोकाला सान्तोलचं झाड आहे. त्याच्या मागे एक खोली. त्यांच्या वडिलांनी ती डुकरांसाठी बांधली होती. डुकरं गेल्यावर तिथे आम्बो चालवतो त्या जीपनीचे, म्हणजे प्रवासी गाडीचे, जुने टायर पडून असत.

वडील ट्रकखाली गेले तेव्हा इसिंग एकोणीस वर्षांची होती आणि शिवणकाम शिकत होती. शिवणकाम त्याच आठवड्यात सुटलं. आई कपडे धुवायला जायची, इसिंग घर बघायची. तेर्योला तिने कॉलेजपर्यंत शिकवलं. आम्बोला शिकायचं नव्हतं, त्याला गाडी हवी होती, तर ती मिळेपर्यंत त्यालाही सांभाळलं. मग भावांची लग्नं, भावांची मुलं, मग आईचं अंथरूण. आई गेल्यावर नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, चाळिसावा दिवस झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इसिंग नेहमीसारखी उठून तांदूळ धुवायला बसली. अख्ख्या आवाराचा भात. पाणी ती बोटाने मापते. तांदळावर बोट टेकवायचं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी.

लोकांना वाटायचं की इसिंगचं लग्न राहून गेलं म्हणून ती मनातून कष्टी आहे. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. मेयकावायानचा एक चांभारकाम करणारा तिला मागणी घालायला आलाही होता. आईने थांबायला सांगितलं, तो थोडा थांबला आणि गेला. पुढे कधीतरी मी त्याचा विषय काढला तर इसिंगला त्याचं नावच पटकन आठवेना.

तिला नवरा नको होता. तिला एक लहान पातेलं हवं होतं.

हे तिने मला कारलं खाताना सांगितलं. त्यांच्या घरात कारलं शिजत नाही. तेर्योला लहानपणापासून त्याचा वास सहन होत नाही. म्हणून आमच्याकडे कारलं असलं की मी भिंतीवरून हाक मारायची आणि ती कारल्याचा वास सुटण्याआधी हजर. बशी हातात घेऊन ती मागच्या पायरीवर बसे. तिथे ती म्हणाली, "आते सालुद, मला एकटीपुरता भात करायचाय. एका मुठीचा. आणि खाली जी खरवड धरेल ना, ती मीच खाणार."

मला आधी हसू आलं. आते म्हणजे आमच्याकडे ताई. इसिंग मला आते म्हणते आणि तिचे भाऊ, भावजया तिला आते म्हणतात. खरवड तिला जिवापाड आवडते, पण त्या घरात खरवड आम्बोची. तो लहान असताना तापाने काही खात नसे, तेव्हा ती त्याला पातेल्याच्या तळाची खरवड साखर घालून द्यायची. ताप गेला, आम्बोला नातवंडं झाली, तरी खरवड त्याच्याच ताटात जाते. ती वाढते, तो खातो. तिला आवडते हे त्याला माहीत असेल असं मला वाटत नाही.

आई गेल्याच्या पुढच्या वर्षी, एका रविवारी मिस्साहून आल्यावर सगळे जेवायला बसले असताना तिने विचारलं. स्वयंपाकघर भिंतीला लागून असल्यामुळे त्यांच्या घरातलं बोलणं मला न ऐकता राहता येत नाही.

"सान्तोलमागच्या खोलीत राहायला जाईन म्हणते," इसिंग म्हणाली. "चूल तिथेच मांडीन. माझ्यापुरती."

"आते, लोक काय म्हणतील?" तेर्यो म्हणाला. "आई गेली आणि भावांनी बहिणीला डुकरांच्या खोलीत टाकली."

"डुकरं जाऊन किती वर्षं झाली, तेर्यो."

मग तेर्योची बायको सेली विचारायला लागली की आमचं काही चुकलं का, माझ्या बोलण्याचा राग आला का, आणि विचारता विचारता रडू लागली. सेलीचं रडणं खोटं नव्हतं. ती बाई मनाने चांगली आहे. तिचं पाहून शेंडेफळ भाचीने सूर लावला. तेवढ्यात आम्बोने ताट पुढे केलं आणि म्हणाला, "ते सगळं ठीक, पण माझ्या खरवडीचं काय?" सगळे हसले. भाचीसुद्धा रडता रडता हसली. इसिंगने त्याला खरवड वाढली.

संध्याकाळी कपडे काढायला आली तेव्हा ती भिंतीपलीकडून मला म्हणाली, "आमच्याकडे एकदा हसले ना, की विषय संपतो."

तो विषय पुन्हा निघाला तो गावामुळे.

नोव्हा एकेकाळी स्वतःचं गाव होतं. स्पॅनिश काळात आमचं चर्च, आमचा चौक, आमचा कारभारी सगळं आमचं होतं. मग अमेरिकनांनी ते उचलून कालोओकानला जोडलं. युद्धानंतर त्याचे दोन तुकडे झाले आणि आमचा तुकडा केसॉन सिटीत गेला. तरी अजून आम्ही बाजाराला निघालो की "बायानला जाते" म्हणतो, म्हणजे गावात जाते, आणि जीपनीच्या पाटीवरही तेच लिहिलेलं असतं. एका कागदासाठी सिटी हॉलला जायचं तर सगळा दिवस रस्त्यात जातो. कचऱ्याची गाडी आमच्याकडे शेवटी येते, आणि येते तेव्हा भरलेली असते. नोव्हा वेगळं शहर करायचं ही मागणी मी कितीतरी वर्षं ऐकत आले. मागच्या वर्षी त्याचा कायदा झाला आणि या वर्षी मतदान ठरलं. मतपत्रिकेवर हो किंवा नाही लिहायचं.

तेर्यो आमच्या वॉर्डाचा मेंबर. शहर वेगळं झालं तर नव्या शहराच्या सभागृहात त्याला जागा मिळेल अशी त्याची आशा होती. त्यात वाईट काही नाही. माणूस कष्टाळू आहे आणि बोलतो छान. सप्टेंबरमध्ये त्याच्या अंगणात सभा झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, कर्ण्याचा आवाज, आणि मागे इसिंगच्या पान्सितच्या शेवयांची मोठी परात.

आमच्या भाषेत मुलगा लग्न करून वेगळा राहू लागतो त्याला, आणि शहरापासून गाव वेगळं होतं त्यालाही, शब्द एकच आहे: बुकोद. तेर्योने भाषण त्याच शब्दावर बांधलं होतं. तो म्हणाला की पोरगं मोठं झालं की त्याला वेगळी चूल मांडून देतात, आणि बाप ती रागाने देत नाही, आनंदाने देतो. आम्ही केसॉन सिटीवर रागावलेलो नाही. आम्ही मोठे झालो, एवढंच.

टाळ्या पडल्या. इसिंग परात घेऊन खुर्च्यांच्या मधून चालली होती. टाळ्या संपल्यावर तिचा आवाज ऐकू आला, मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मग मीही मोठी झाले, तेर्यो. साठीला आले."

पुढच्या रांगेतले हसले. मागून कुणी म्हातारा ओरडला, "मेंबर, आधी घरातलं गाव वेगळं करा." मग सगळं अंगण हसायला लागलं. तेर्योही हसला. दुसरं करणार काय? हातात माईक होता. त्याने छातीवर हात ठेवला.

"सगळ्यांनी ऐका," तो म्हणाला. "ज्या दिवशी नोव्हा वेगळं होईल, त्या दिवशी माझ्या आतेची चूल मी स्वतः उचलून सान्तोलमागे नेऊन ठेवीन."

या वेळी टाळ्या जास्त पडल्या. इसिंगने परात खाली ठेवली आणि तोंडावर हात धरला. पण ती हसत नव्हती. मी जवळच होते, म्हणून दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे दोन बरण्या घेऊन आली. एकीत तांदूळ, एकीत जाडं मीठ. नव्या घरात पाऊल टाकायचं तर सगळ्यात आधी तांदूळ आणि मीठ न्यायचं, मग बाकीचं सामान. हे आमच्यात सगळेच पाळतात. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात बरण्या ठेवून चालणार नव्हत्या. तिथे जे दिसेल ते सेली भांड्यात टाकते. म्हणून त्या माझ्या फडताळात ठेवल्या. तांदूळ चांगला होता, बारीक, वासाचा. घरासाठी ती असा कधी आणत नाही.

त्या महिन्यात आमच्या वॉर्डात इसिंगएवढा प्रचार कुणी केला नसेल. सकाळचा स्वयंपाक आटोपला की ती निघायची. भाषण येत नव्हतं. ती दारात उभी राहून सांगायची की मतपत्रिकेवर हो लिहा, अक्षर मोठं काढा. बायका तिला विचारायच्या, चूल घेतलीस का? ती म्हणायची, चूल आहे, जागा व्हायचीये. जागाही होत होती. आम्बोने टायर हलवले आणि छपराचा गंजलेला पत्रा बदलला. इसिंगने खोलीला आतून चुना मारला. मी पाहायला गेले तर पांढऱ्या भिंतींच्या मधे ती नुसती उभी होती, टॉवेल खांद्यावर, आणि म्हणाली, "पातेलं इथे. पाट तिथे. आणि आते सालुद, दार लावलं की बंद होतं, बघा." तिने दार लावून दाखवलं. आम्ही दोघी थोडा वेळ त्या अंधारात उभ्या राहिलो.

सेली तिची थट्टा करायची. "तिकडे परदेशी जाणार आमच्या आते," म्हणायची. "पासपोर्ट दाखवून मीठ मागायला यावं लागणार आम्हाला." आणि आम्बो जीपनी धुताना म्हणायचा की या देशात नवरा-बायकोला घटस्फोट मिळत नाही आणि हे लोक अख्ख्या गावाला द्यायला निघालेत. इसिंग त्याच्या अंगावर पाणी उडवायची.

मतदानाला थोडे दिवस उरले होते तेव्हा मी पेपरात वाचलेलं तिला सांगितलं. मला वाटलं होतं तिला ते माहीत असणार. तिला माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत बऱ्याच जणांना नव्हतं. सगळे धरून चालले होते की नोव्हाला वेगळं व्हायचं तर मत नोव्हाचं.

"सगळे मत देणार," मी म्हणाले. "सगळं केसॉन सिटी. कुबाओ, दिलिमान, पार तिकडच्या टोकापर्यंत."

"त्यांचा काय संबंध?"

"त्यांच्यातून आपण निघणार ना."

इसिंग पायरीवर बसली होती. बशीत कारलं होतं, ते तिने बाजूला ठेवलं. तिकडची माणसं आपल्यापेक्षा किती जास्त, तिने विचारलं. पुष्कळ, मी म्हणाले.

"म्हणजे ज्याला जायचंय त्याने विचारायचं," ती म्हणाली, "आणि ज्यांना सोडायचं नाही त्यांनी ठरवायचं."

दुसऱ्याच दिवशी ती कुबाओला गेली. एकटी, जीपनीने आणि मग बसने, तांदळाच्या वाफवलेल्या पुतोंचा डबा घेऊन. तिथल्या बाजारात तिची धर्मकन्या लोलेंग भाजी विकते. लोलेंगच्या बाप्तिस्म्याला इसिंगने तिला हातात धरलं होतं. इसिंगने विचार असा केला होता की लोलेंगने हो म्हटलं तर तिच्या ओळीतल्या गाळ्यांतल्या बायकाही म्हणतील, आणि ती ओळ लांब आहे.

लोलेंगने तिला स्टुलावर बसवलं, थंड पेय आणून दिलं, पुतो शेजारणींना वाटले, ही माझी निनांग, हिच्या हातचे, असं सांगत. निनांग म्हणजे धर्ममाता. शेजारणींनी पुतो खाल्ले आणि नोव्हा कुठे आलं ते विचारलं. एक म्हणाली, धरणाच्या बाजूला ना? दुसरी म्हणाली की तिथे तिची नणंद राहते, फार लांब, पण माणसं चांगली. मग इसिंगने मताचं सांगितलं.

लोलेंगचा चेहरा पडला. ती म्हणाली, "निनांग, तुम्हाला कमी काय आहे इथे? आमचं काही चुकलं का?"

इसिंगने मला हे सांगितलं तेव्हा ती इथे थांबली. सेलीने जे शब्द वापरले होते तेच हे शब्द, आणि लोलेंगने ते तितक्याच मायेने विचारले होते. तिला काय उत्तर द्यायचं? कचऱ्याच्या गाडीचं सांगितलं, सिटी हॉलच्या रांगेचं सांगितलं. लोलेंग म्हणाली की गाडी आमच्याकडेही उशिरा येते, निनांग. आणि तुम्ही वेगळ्या झालात तर आम्ही तुमच्याकडे परगावी आल्यासारखं यायचं का? नाही बाई, मी तुम्हाला कशी जाऊ देईन.

निघताना लोलेंगने तिच्या डब्यात कारली भरली. पैसे घेतले नाहीत. निनांगला कारलं आवडतं हे तिच्या लक्षात होतं, आणि इसिंगच्या घरातल्या एकाच्याही लक्षात ते कधी आलं नाही. ती कारली इसिंगने परतताना माझ्याकडे दिली. मी ती शिजवली. त्या दिवशी ती खायला आली नाही.

शनिवारी मतदान झालं. आम्ही दोघी बरोबरच शाळेत गेलो. गर्दी मोठी नव्हती. इसिंगने "हो" इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलं की पलीकडच्या बाकावरून दिसत होतं. बाहेर शाईवाल्याने बोट मागितलं तेव्हा तिने हात मागे घेतला. म्हणाली, हे नको, याने मी भाताचं पाणी मापते. शाईवाला हसला आणि म्हणाला, नियम आहे, नानाय. नानाय म्हणजे आई. तिने बोट पुढे केलं.

आमच्या शाळेतल्या मोजणीत हो जास्त निघालं. संध्याकाळी तेर्योच्या अंगणात कर्णा लागला, कुणी बिअर आणली. इसिंगने आपली नवी मातीची चूल खोलीच्या दारात नेऊन ठेवली, आत नाही. आत तेर्यो नेणार होता. दुसऱ्या दिवशी मिस्साच्या वेळेपर्यंत बाकीच्या केसॉन सिटीचे आकडे येऊ लागले, तिकडे सगळीकडे नाही जास्त. तेर्यो रेडिओ कानाशी धरून अंगणात फिरत होता. दुपारी त्याने रेडिओ बंद केला आणि आत जाऊन झोपला.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले. तेर्योचे डोळे सुजले होते. त्याचं खरंच नुकसान झालं होतं, मला त्याचं वाईट वाटलं. इसिंगने सगळ्यांना भात वाढला. मग तेर्यो म्हणाला, "चला, आते, तुझी चूल उचलायचे माझे कष्ट वाचले."

तो वाईट मनाने बोलला नाही. त्याला घरात हसू हवं होतं. हसू आलंच. सेली म्हणाली की आते गेली असती तर उद्या सकाळी या घरात भात करपला असता. आम्बो म्हणाला की देवाने खरवड राखली. भिंतीपलीकडून मला पातेलं खरवडल्याचा आवाज आला, मग कुणाच्या तरी ताटात चमचा वाजला.

आज सकाळी पताका उतरल्या. बांबू, कापडी फलक, खुर्च्या, कर्णे, सगळं एका ट्रकमधून त्यांच्या आवारात आलं. पुन्हा कधीतरी मतदान होईल, तेव्हा लागेल, असं तेर्यो माणसांना सांगत होता. कापड चांगलं आहे, फेकायचं नाही. मग प्रश्न आला ठेवायचं कुठे. माझ्या भिंतीवरून सान्तोलचं झाड दिसतं. माणसं बांबू खांद्यावर घेऊन झाडामागे जाताना दिसली, रिकामी परत येताना दिसली. दाराशी चूल आडवी येत होती म्हणून एकाने ती उचलून झाडाच्या बुंध्याशी ठेवली. इसिंग स्वयंपाकघरात होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि तीही काही म्हणाली नाही. माणसांच्या जेवणाचं बघत होती.

दुपारी ती माझ्या पायरीवर येऊन बसली. मी कॉफी विचारली, नको म्हणाली. मग मला राहवलं नाही. मी म्हणाले की ते सामान काढून टाकता येईल, मी तेर्योशी बोलते, माझं तो ऐकेल. आणि तुला कशाला हवंय कुणाचं मतदान? उद्या सकाळी आपल्या बरण्या उचल आणि जा. तुझ्याच बापाची जागा आहे.

ती बोटाच्या नखावरची शाई दुसऱ्या नखाने खरवडत होती.

"मी विचारलं ना, आते सालुद, तिथेच चूक झाली," ती म्हणाली. "न विचारता गेले असते तर दोन दिवस रागावले असते आणि मग माझ्याकडे मीठ मागायला आले असते. विचारलं की सगळ्यांना मत मिळतं. आता मी गेले तर ते वेगळं राहणं नाही. ते त्यांना नको म्हणणं झालं."

भिंतीपलीकडून सेलीने हाक मारली, आते, माणसांना अजून भात लागेल. इसिंगने तिथूनच ओ दिली.

उठताना तिने फडताळाकडे पाहिलं. "तांदूळ वापरून टाका," ती म्हणाली. "किडे पडायला लागले असतील. उगाच फुकट जाईल."

मी मिठाचं विचारलं.

"मीठ राहू द्या," ती म्हणाली. "मिठाला काही होत नाही."

खांद्यावरचा टॉवेल सारखा करून ती गेली. थोड्या वेळाने तिच्या स्वयंपाकघरात तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग काहीच नाही. बोट टेकवून पाणी मापत असेल.

संध्याकाळी रोझरी म्हणून आल्यावर मी वहीतल्या आजच्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिली.

भाताला इसिंगचा तांदूळ घेतला. टोके पुष्कळ होते, निवडायला वेळ लागला.